तिने परत जाऊन काय विचारलं

गेटपर्यंत आलो तेव्हा माझी वही भरत आली होती. दुपारभर चालून पाय बोलायला लागले होते, मुलीची आई सावली बघून टेकली होती आणि मी उभ्या उभ्या वहीतल्या सात प्रश्नांपुढे बरोबरच्या खुणा करत होतो. आम्हाला कॉलेज दाखवायला जी मुलगी दिली होती ती दुसऱ्या वर्षाची. चष्मा, गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं, आणि प्रत्येक इमारतीपाशी तेच ते वाक्य नव्या उत्साहाने म्हणायची हातोटी. मी तिला सातही प्रश्न विचारून घेतले होते. ग्रंथालय रात्री उघडं असतं का, प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळते का, प्राध्यापक तासाबाहेर भेटतात का, आजारी पडलं तर डॉक्टर आवारातच आहे का, वगैरे. तिने सगळ्याला हो म्हटलं होतं. ‘तुला काही विचारायचंय का?’ असं तिने माझ्या मुलीला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आमच्या बाईसाहेबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मला जरा रागच आला होता. एवढ्या लांब यायचं आणि तोंडातून एक प्रश्न फुटू नये?

मग आम्ही गेटबाहेर पडणार एवढ्यात ती ‘आलेच’ म्हणाली आणि मागे वळून पळत गेली. ती चष्मेवाली मुलगी अजून कमानीखाली पाणी पीत उभी होती. दोघी बोलल्या. दोन मिनिटं, फार तर तीन. लांबून मला दिसलं ते एवढंच, की माझ्या मुलीने खाली बघत काहीतरी विचारलं, त्या मुलीचं हसू थांबलं, तिने बाटलीचं झाकण लावलं आणि मग ती बोलायला लागली. बोलताना ते ओळखपत्र दोन बोटांत धरून ती गोल गोल फिरवत होती. परत आल्यावर मी म्हटलं, ‘काय गं, काय विचारलंस?’ ‘काही नाही.’ ‘काही नाही कसं? पळत गेलीस ती?’ ‘बाबा, चल ना, बस जाईल.’ बस काही गेली नाही. थांब्यावर आम्ही चांगली वीस मिनिटं बसलो होतो आणि वीसही मिनिटं ती फोनमध्ये डोकं घालून होती.

माझ्या सात प्रश्नांत मावलं नाही असं काय उरलं होतं?

मी हिशेब तपासणारा माणूस. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे ताळेबंद बघण्यात गेलं. त्यामुळे मुलीच्या कॉलेजचा विषय घरात निघाला तेव्हा मी जे करायचं तेच केलं, तक्ता मांडला. चौदा कॉलेजं, अकरा रकाने. प्रत्येक रकान्याला वजन: शिक्षकांना इतके गुण, निकालाला इतके, फीला इतके, घरापासूनच्या अंतराला इतके. शेवटी बेरीज आणि बेरजेप्रमाणे क्रम. चार रात्री जागून केलेलं काम होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मुलीने तक्ता वरपासून खालपर्यंत नीट वाचला. मग विचारलं, ‘ही वजनं कुणी ठरवली?’ मी म्हटलं, ‘मी.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि उठून गेली. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला त्याच रात्री कळलं. कारण सगळे झोपल्यावर मी गुपचूप अंतराच्या रकान्याचं वजन पाचाचं पंधरा करून बघितलं. चौथ्या क्रमांकाचं कॉलेज टुणकन पहिलं आलं. ते आमच्या घरापासून सगळ्यात जवळ होतं. आकडे हवे तिथे कसे वळवायचे हे माझ्या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आपण हे स्वतःच्या पोटच्या पोरीशी करतोय, याचं मात्र त्या अंधारात जरा वाईट वाटलं. वजन परत पाच केलं. लगेच नाही, पण केलं.

तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि मासिकांत येणाऱ्या कॉलेजांच्या क्रमवाऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. तिथेही कुणीतरी रात्री जागून वजनं ठरवलेली असतात. त्याला काय महत्त्वाचं वाटलं ते त्या क्रमात उतरतं. तुमच्या घरातल्या मुलाला काय हवं हे त्याला कसं कळणार? आणि ब्रोशरमधल्या त्या ‘सरासरी पगारा’बद्दल तर धंद्याची शपथ घेऊन सांगतो. समजा दहा मुलं नोकरीला लागली. नऊ जणांना चार-चार मिळाले आणि एकाला चौसष्ट. बेरीज शंभर, सरासरी दहा. ब्रोशरवर ठळक अक्षरात दहा छापलं जाईल, आणि त्या दहामधल्या एकालाही दहा मिळालेले नसतील. म्हणून सरासरी विचारू नका, पगार ओळीने लावले तर मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा. त्याच्याही आधी विचारा की दहा हे किती जणांतले दहा. वर्गात पन्नास असतील तर उरलेले चाळीस गेले कुठे? आणखी एक आकडा कुणी आपण होऊन सांगत नाही पण मागितला तर बहुधा मिळतो: पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षाला किती परत येतात, आणि ठरलेल्या मुदतीत पदवी किती जणांच्या हातात पडते. तो आकडा सांगताना समोरचा माणूस खुर्चीत कसा बसतो तेही बघून ठेवावं.

मोठ्या नावाचं काय, हा प्रश्न मात्र तक्त्याने सुटत नव्हता. नावाला वजन किती द्यायचं? याच सुमारास मला स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोन अमेरिकी अभ्यासकांचं २००२ साली प्रसिद्ध झालेलं काम वाचायला मिळालं. त्यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची मिळकत जवळपास वीस वर्षांनी तपासली. नामांकित कॉलेजातली मुलं पुढे जास्त कमावतात हे सगळ्यांना दिसतंच. पण ही मुलं मुळातच हुशार आणि धडपडी असतात, मग श्रेय कॉलेजचं की मुलाचं? यांनी तोड अशी काढली, की ज्यांना साधारण सारख्याच कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता पण ज्यांनी वेगवेगळी कॉलेजं निवडली, अशा मुलांची आपसात तुलना केली. तेव्हा नामांकित कॉलेजचा फायदा जवळजवळ विरून गेला. मोठ्या कॉलेजचं दार उघडलेलं असताना जे साध्या कॉलेजात गेले, तेही तितकंच कमावत होते. अपवाद होता, आणि तो विसरून चालणार नाही: बेताच्या परिस्थितीतल्या घरांतून आलेल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा खरोखर उपयोग झाला होता. मला ते पटलं. ज्याच्या घरात आधीपासून चार ओळखी आहेत, चार वाटा ठाऊक आहेत, त्याला कॉलेजने नवं काय द्यायचं? ज्याच्याकडे त्या नाहीत त्याला मोठ्या कॉलेजच्या दारातून एक अख्खं वेगळं जग दिसतं. म्हणजे नावाच्या रकान्याचं वजन घराघराला वेगळं. माझा तक्ता तिथेच निम्मा निकालात निघाला.

माझ्या स्वतःच्या वेळी तक्ता वगैरे काही नव्हता. शेजारचा मित्र ज्या कॉलेजात चालला होता तिथे मी गेलो, आणि तो दोन महिन्यांत कंटाळून परत आला. मी राहिलो. मला सोडायला अण्णा आले होते. लोखंडी पेटी त्यांनीच उचलली, मला उचलू दिली नाही. खोलीत दोन खाटा होत्या, एका खाटेवर आधीच कुणीतरी सतरंजी टाकून ठेवलेली. अण्णा उरलेल्या खाटेवर बसले, दाबून बघितली, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. त्यांना बोलायचं होतं हे मला कळत होतं आणि त्यांनी बोलू नये असं मला मनापासून वाटत होतं. शेवटी ते उठले, दाराच्या कुलपाकडे बघून म्हणाले, ‘लावल्यावर दोनदा ओढून बघत जा.’ आणि गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मध्ये एकदा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ते मध्येच का थांबले असतील याचा विचार मी त्या वेळी केला नाही. सतरा वर्षांच्या मुलाला कशाला सुचतंय? पण कुलूप मी अजूनही दोनदा ओढतो.

त्या पहिल्या सत्रात मी गणितात नापास झालो.

शाळेत पहिल्या पाचात असणाऱ्याला हे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कारण साधं होतं. मी शेवटच्या बाकावर बसायचो, कळलं नाही तर बाजूच्याला विचारायचो, त्यालाही कळलेलं नसायचं, आणि दोघं मिळून परीक्षेच्या आदल्या रात्री बघू म्हणायचो. प्राध्यापकांच्या खोलीचं दार कायम उघडं असायचं. त्यावर भेटायच्या वेळा लिहिलेला कागद होता. मी रोज त्या दारावरून जायचो आणि तो कागद वाचायचोही, पण आत जाणं म्हणजे आपल्याला येत नाही याची कबुली, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. निकालाच्या दिवशी फलकासमोर उभा होतो तेव्हा मागून आवाज आला, ‘नाव काय तुझं?’ तेच सर. माझं नाव ऐकून त्यांनी फलकावर बोट फिरवून ते शोधलं, त्यापुढचा आकडा बघितला आणि म्हणाले, ‘उद्या वही घेऊन ये.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी वही चाळली. एका पानावर थांबून पेन्सिलीने एका ओळीभोवती गोल केला. खोडलं नाही, बरोबर काय ते लिहिलंही नाही. ‘इथपर्यंत तू बरोबर आहेस. इथून पुढे परत कर.’ आजवर मला मिळालेल्या शिक्षणातली ही सगळ्यात मोठी गोष्ट असावी असं मला वाटतं. मी इथपर्यंत बरोबर होतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे कधीतरी गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी अमेरिकी संस्था आणि तिथलंच पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ साली केलेल्या पाहणीबद्दल वाचलं तेव्हा मला तो पेन्सिलीचा गोल आठवला. अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक पदवीधरांना त्यांनी विचारलं होतं. आज कामात तुमचा जीव रमतो का, आणि कॉलेजात असताना काय काय वाट्याला आलं होतं? कॉलेज सरकारी की खासगी, याने फारसा फरक पडलेला नव्हता. फरक दिसला तो असा: आपली माणूस म्हणून काळजी करणारा एखादा शिक्षक, विषयाची गोडी लावणारा एखादा, आणि तू तुझ्या स्वप्नामागे जा म्हणणारा एखादा वडीलधारा, हे तिन्ही ज्यांना भेटले होते, त्यांची कामात रमण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. आणि हे तिन्ही भेटल्याचं सांगणारे होते अवघे १४ टक्के. आता यात एक गोम आहे हे मलाही कळतं. शिक्षक भेटला म्हणून माणूस रमला, की रमलेल्या माणसालाच मागे वळून बघताना शिक्षक आठवतात? पाहणीतून ते कळायला मार्ग नाही. पण माझ्यापुरतं उत्तर त्या वहीत आहे.

गंमत म्हणजे विद्यापीठांच्या अगदी सुरुवातीच्या काळात हा कारभार उलटा होता. इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचं मानतात. तिथे विद्यार्थ्यांनीच आपली संघटना बांधली होती आणि शिक्षकांना पगारावर ठेवणारेही तेच. तासाला उशिरा आलेल्या शिक्षकाला दंड, वेळेबाहेर लांबवलं तरी दंड. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग तेव्हा बाप लोक काय करायचे?’ मला उत्तर देता आलं नाही. कुठल्या इतिहासात ते लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आज कुणी मला विचारलं की कॉलेज बघायला जाताना काय बघू, तर मी सांगेन, त्यांनी बोलावलेल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी फुलं असतात, फलक असतात, हसरी मुलं असतात. एखाद्या आडवारी, अकराच्या सुमाराला जा. मुलगा ज्या विभागात जाणार त्या विभागाच्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटं उभे राहा. त्यावर मागच्या वर्षीचे पिवळे पडलेले कागद आहेत की परवाच्या व्याख्यानाचा? कुणी मुलांनी स्वतःच्या हाताने लिहून काही लावलंय का? जमलं तर परवानगी घेऊन पहिल्या वर्षाच्या तासाला मुलाला मागे बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. पहिल्या वर्षाला नेमकं कोण शिकवतं ते विचारा. ज्यांची नावं ब्रोशरवर मोठ्या टायपात असतात ते पहिल्या वर्षाच्या वर्गावर असतीलच असं नाही. विषय चुकला तर वर्षभरात बदलता येतो का, आणि बदलणाऱ्याचं किती वाया जातं, हे आत्ताच विचारा. सतरा-अठराव्या वर्षी निवडलेला विषय चुकणं यात आकाश कोसळण्यासारखं काही नाही. बदलायची सोय नसेल तर मात्र तीच चूक तीन-चार वर्षं पाठीवर वाहावी लागते. आणि पैशांचं बोलणं मुलासमोर करा. पहिल्या वर्षाची फी बघून भुलू नका, शेवटच्या वर्षापर्यंतचा सगळा खर्च एका कागदावर मांडा. शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती एकाच वर्षाची की पुढेही चालणार, आणि चालू राहायला किती गुण लागतात ते लिहून घ्या. कर्ज काढणार असाल तर हप्ता कुणी फेडायचा हे ज्याने फेडायचा त्याला माहीत असावं. आमच्या घरी हे बोलणं झालं त्या संध्याकाळी ती बराच वेळ गप्प होती, पण दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन यादीतली दोन नावं खोडली. मी खोडली असती तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री पसंतीक्रम तिने पेन्सिलीने लिहिला. माझ्या तक्त्यात सहावं असलेलं कॉलेज तिने पहिलं घातलं होतं. तेच, कमानीचं. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘तिथे बरं वाटलं.’ मी तोंड उघडलं आणि हिच्या आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नंतर शीना अय्यंगार, रेचेल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांचा २००६ सालचा अभ्यास वाचनात आला तेव्हा त्या पायाची मला आठवण झाली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला नोकरी शोधणाऱ्या मुलांचा तो अभ्यास. सगळ्यांत उत्तम तेच हवं म्हणून शेवटपर्यंत चाळणी लावत बसणाऱ्यांना, पुरेसं चांगलं दिसलं की थांबणाऱ्यांपेक्षा २० टक्के जास्त पगार मिळाला होता. आणि मिळालेल्या नोकरीवर नाराजही तेच जास्त होते. आता यातला कुठला अर्धा भाग ऐकायचा ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर. हिशेबनीस म्हणून वीस टक्के मला सोडवत नाहीत. पण ती नोकरीची गोष्ट होती, इथे राहायचं होतं ते तिला.

तिला सोडायला गेलो त्या दिवशी सामान मीच उचललं. दोन जिने. पुढच्या वळणावर माझाही पाय थांबला, तेव्हा कळलं की अण्णा कदाचित नुसता दम खायला थांबले असतील. इतकी वर्षं मी त्याला काय काय अर्थ लावत बसलो होतो! खोलीत तिची रूममेट आधीच आलेली होती, खिडकीकडची बाजू तिने घेतली होती. मी पलंग दाबून बघितला, खिडकी उघडली, लावली. निघताना सवयीने दाराकडे वळलो. कुलूप नव्हतंच. कार्ड दाखवायचं, हिरवा दिवा लागतो, दार उघडतं, मागे आपोआप बंद होतं. सबंध रस्ताभर मनात धरून आणलेलं एकुलतं एक वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं. मी म्हटलं, ‘कार्ड सांभाळ.’ ते काही तितकं जमलं नाही.

आठव्या रात्री साडेअकराला फोन आला. रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचते, हिला झोप येत नाही, सकाळी आठचा तास बुडतो, सांगायला गेलं तर ती सॉरी म्हणते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. रडणं नव्हतं, पण आवाज रडण्याच्या काठावर होता. फोन ठेवल्यावर मी हॉस्टेलच्या रेक्टरना पत्र लिहिलं. सविस्तर, मुद्देसूद, खोली बदलून मिळावी अशी विनंती करणारं. बायको म्हणाली, ‘पाठव उद्या.’ सकाळी पाठवणार होतो तर मुलीचा मेसेज, की काल आम्ही दोघींनी मध्ये चादर टांगली आणि आता आमच्या खोलीला ‘तंबू’ म्हणतात. ते पत्र अजून माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये आहे. अधूनमधून उघडून वाचतो. भाषा चांगली उतरलीय.

रूममेटचं असं असतं की कोण मिळणार ते आपल्या हातात नसतं, आणि फरक मात्र पडतो. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांबद्दल हेच दाखवलं होतं. तिथे खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्याच वाटल्या जायच्या, त्यामुळे कुणाच्या संगतीने काय होतं ते स्वच्छ दिसलं. रूममेटमुळे मुलांचे गुण थोडे वरखाली होत होते, कुठल्या मंडळात जायचं तेही ठरत होतं. पण मुख्य विषय कोणता घ्यायचा, या निर्णयावर रूममेटचा काही परिणाम नव्हता. आमच्या हिचं झालं ते असं, की दोनपर्यंत वाचणारीच्या संगतीने ही बारापर्यंत वाचायला लागली. चादरीच्या पलीकडून उजेड येतच होता, मग काय करणार?

पहिले सहा आठवडे कठीण, एवढं मी आता कुणाच्याही पालकांना सांगतो. पहिल्या आठवड्यात सगळं नवं म्हणून निभावतं. तिसऱ्या आठवड्याला जाणवतं की बाकीच्या सगळ्यांचे घोळके जमलेत आणि आपणच तेवढे बाहेर. प्रत्येकालाच तसं वाटत असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्यालाच. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि या सगळ्या वाचनात माझ्या मनात रुतून बसला तो हाच. पहिल्या वर्षाच्या काही मुलांना त्यांनी साधारण तासभर बसवलं. वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही वाटायचं की आपण इथले नाही, मग हळूहळू ते गेलं. आणि यावर तुमच्या शब्दांत पुढच्या मुलांसाठी काही लिहा म्हटलं. बस, एवढंच. त्यातल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण पुढची तीन वर्षं चढत गेले आणि गोऱ्या मुलांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. शेवटच्या वर्षी त्याच मुलांना विचारलं तेव्हा त्या तासाभरात काय वाचलं होतं ते बहुतेकांना नीट आठवतही नव्हतं, आणि आपल्या यशाचं श्रेय त्यांनी त्या तासाला दिलं नाही.

म्हणून तिच्या रविवारच्या फोनवर मी काय काय सांगायचो ते सांगतो. फार नाही. वर्गात पुढच्या तीन ओळींत बसत जा. पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन ये, प्रश्न फालतू असला तरी चालेल, नाव माहीत होऊ दे. दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात खोलीवर परतू नकोस, एकदा पलंगाला पाठ टेकली की दुपार गेली. पहिला महिना दर शनिवारी घरी येऊ नकोस. हे शेवटचं सांगताना माझा घसा जरा अडायचा आणि ते तिला कळायचं. पालकांसाठीही एक आहे, ते मला चादरीने शिकवलं: रात्रीच्या फोनवर काही ठरवू नये. मुलं बोलून मोकळी होतात आणि झोपतात. आपण जागे राहतो. जागं राहायला हरकत नाही, पत्र सकाळपर्यंत थांबवावं. मात्र रात्रीचे फोन रोजचे झाले, जेवणझोप उडाली, पोरगं खोलीबाहेर पडेना, तर तिथे थांबायचं नसतं. मग समुपदेशक आहे का ते विचारायचं, गाडी पकडायची आणि सरळ जायचं. मुलाला काय वाटेल याची फिकीर नंतर.

परवा ती सुट्टीत घरी आली होती. दोन वर्षं झाली आता. रात्री गच्चीत बसलो होतो, बोलणं कुठून कुठे गेलं आणि मी धीर करून विचारलंच. ‘त्या दिवशी तू गेटपासून परत पळत गेलीस. काय विचारलंस त्या मुलीला?’

‘कुठल्या मुलीला?’

मी सांगितलं. चष्मा, उलटं ओळखपत्र, कमान, पाण्याची बाटली. तिने खरोखर आठवून बघितलं. डोळे बारीक करून, अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाली, ‘मी परत गेले होते? नाही आठवत रे बाबा. काहीतरी विचारलं असेन.’

दोन वर्षं मी त्या तीन मिनिटांना घोळवत होतो. मी काही बोललो नाही. जरा वेळाने तीच हसायला लागली. ‘तुझं मात्र आठवतंय. पेनाचं टोपण दातात धरून तू तिला विचारत होतास आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. बिचारी आपली प्रत्येक वेळी हो म्हणायची.’

‘म्हणजे ग्रंथालय रात्री—’

‘आठला बंद होतं, बाबा.’

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सातही प्रश्नांपुढे बरोबरच्या खुणा आहेत.